मागचे आसन : एकासनी की द्विआसनी?

१/
यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा पैनगंगेने आखलेली आहे. अलीकडे उमरखेड तालुका, पलीकडे नांदेड जिल्ह्यातला हदगाव. त्या हदगाव तालुक्यातले हस्तरा हे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचे मूळ गाव. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी, चंदीगडच्या वायुदल दिनी, वायुदलप्रमुख या नात्याने त्यांनी एक घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर प्रथमच वायुदलात अधिकाऱ्यांची एक नवी लढाऊ शाखा निर्माण होणार होती. तिचे नाव वेपन सिस्टीम्स शाखा. बातमी दोन दिवस चालली आणि विसरली गेली. पण त्या घोषणेच्या पोटात जवळजवळ नव्वद वर्षांचा एक प्रश्न दडलेला होता. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रश्न साधा आहे. जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करणाऱ्या लढाऊ विमानात माणसे किती असावीत, एक की दोन? अभियंता याचे उत्तर वजन, इंधन आणि खर्च यांच्या हिशेबात शोधतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका माणसाचे अवधान किती भार पेलू शकते, याविषयी त्या त्या काळाचा जो समज असतो, तोच विमानातल्या आसनांच्या संख्येत उतरतो. आणि दुसरे असे की, विमानयुद्धाचा इतिहास बहुतेक वेळा पुढच्या आसनाचा लिहिला जातो. मागे बसलेला माणूस तळटीपेत जातो, किंवा तिथेही सापडत नाही.

३/
कामाची ही वाटणी विमानाच्या कितीतरी आधीची आहे. वऱ्हाडात मृगाच्या पावसानंतर तिफण चालते. अनेक शेतांत बैल हाकणारा एक आणि चाड्यावर मूठ धरणारी दुसरी. हाकणाऱ्याची नजर तासावर असते, तास वाकडे जाता कामा नये. मूठ धरणारीचे लक्ष बोटांमधून सुटणाऱ्या बियाण्याकडे असते, धार तुटता कामा नये. दोन्ही कामे एकट्याला जमत नाहीत असे नाही, नाइलाजाने अनेक जण ती एकट्यानेच करतात. पण तेव्हा तास किंवा धार, दोहोंपैकी एकाकडे काणाडोळा होतोच. द्विआसनी विमानाचे सगळे तत्त्व या एका दृश्यात सामावलेले आहे.

४/
युद्धाच्या इतिहासातही हेच आढळते. रथात सारथी वेगळा आणि रथी वेगळा. पुढे घोडदळ आले, तेव्हाही माणसाला लगाम आणि शस्त्र एकट्याने सांभाळण्याचा विश्वास एकदम आला नाही. इसवीसनपूर्व नवव्या शतकातील असिरियन शिल्पपटांत घोडेस्वार जोडीने दिसतात. एक जण दोन्ही घोड्यांचे लगाम धरतो, दुसरा धनुष्य ओढतो. लगाम आणि शस्त्र एकाच माणसाच्या हाती यायला काळ जावा लागला. भाला आणि लगाम एकट्याने सांभाळणारा मराठा स्वार त्या दीर्घ शिक्षणाचा वारस होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ‘एकासनी’ योद्धा होता.

५/
भारतीय वायुदलाचा प्रारंभ मात्र दोन आसनांनी झाला. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिघ रोड तळावर पहिल्या स्क्वाड्रनची स्थापना झाली. तिच्याजवळ चार वेस्टलँड वॅपिटी विमाने होती. उघड्या कॉकपिटची, दोन पंखपट्ट्यांची ही विमाने. पुढे वैमानिक, मागे मशीनगन घेतलेला तोफची. वैमानिक अधिकारी असत. मागच्या आसनावर अनेकदा ‘हवाई सिपाही’ बसत, म्हणजे ज्यांचे मूळ काम जमिनीवर विमान दुरुस्त राखण्याचे होते तेच. वझिरिस्तानच्या डोंगरांवर दोघेही सारख्याच वाऱ्यात आणि सारख्याच गोळ्यांखाली उडाले. आज पहिल्या वैमानिकांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या सिपायांची नावे शोधावी लागतात.

६/
दुसऱ्या महायुद्धात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. १९४४ च्या ब्रह्मदेश आघाडीवर भारतीय वायुदलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन द्विआसनी व्हेन्जन्स विमानांतून सूर मारून बॉम्बफेक करीत. त्याच काळात हरिकेन आणि पुढे स्पिटफायर ही एकासनी विमाने आली. वेग वाढत होता, बंदुका पंखांत बसून पुढच्या दिशेने मारा करू लागल्या होत्या. जिकडे विमानाचे तोंड तिकडेच गोळी, म्हणजे वेगळ्या तोफचीची गरज संपली. मागचे आसन नाहीसे झाले ते असे. पण नेम धरणे आणि वाट शोधणे ही दोन निराळी कामे आहेत, हे लवकरच पुन्हा स्पष्ट झाले.

७/
१९५७ पासून कॅनबेरा हे जेट बॉम्बफेकी विमान भारतात येऊ लागले. पुण्याच्या लोहगाव तळावरूनही ते उडत असे. त्याच्या बी(आय)५८ या प्रकारात वैमानिक काचेच्या घुमटाखाली बसे आणि नॅव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात. रात्री, शत्रूच्या प्रदेशात, नकाशा आणि घड्याळ यांच्या आधारे लक्ष्यापर्यंत नेण्याची जबाबदारी त्याची. पण या रचनेत एक कठोर भेद होता. वैमानिकाच्या आसनाखाली त्याला बाहेर फेकणारी यंत्रणा होती, नॅव्हिगेटरला तसले आसनच नव्हते. संकट आले तर त्याने उठायचे, दारापर्यंत जायचे आणि हवाईछत्री घेऊन उडी घ्यायची.

८/
कमी उंचीवर कोसळत्या विमानात तेवढा वेळ मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असे. म्हणजे विमान सोडण्याचा क्षण आला की वैमानिकासमोर केवळ तांत्रिक निर्णय नसे. हात खेचणीवर आणि मन खाली नाकात बसलेल्या सोबत्यापाशी. ‘दुसरे आसन असावे का’ या चर्चेत आकडे पुष्कळ येतात, हा भाग क्वचितच येतो. दोन माणसे एका यंत्रात बसवली की त्यांचे मरण-जगणेही एकमेकांना बांधले जाते. कॅनबेराने पन्नास वर्षे सेवा करून ११ मे २००७ रोजी आग्रा येथे निरोप घेतला. त्या पन्नास वर्षांत कितीतरी नॅव्हिगेटर त्या नाकात बसून गेले.

९/
दरम्यान महाराष्ट्रात दुसरी कथा सुरू झाली होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे. ज्या कारकिर्दीत संकरित ज्वारी शेतात आली, त्याच कारकिर्दीत निफाड तालुक्यातील या माळावर स्वनातीत विमानांची जुळणी सुरू झाली. मिग-२१ हे मूलतः शत्रूच्या विमानाला गाठण्यासाठी आखलेले, हलके, वेगवान आणि एकासनी. पुढे त्याच्याकडून जमिनीवरचा माराही करून घेतला गेला.

१०/
ओझरची पुढची मोठी निर्मिती होती मिग-२७, भारतीय नाव ‘बहादुर’. ओझरला अशी १६५ विमाने बनली. हे खास जमिनीवरच्या माऱ्याचे विमान होते आणि तेही एकासनी. त्यातल्या माणसाचे काम मोजून पाहावे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने विमान सेकंदाला २५० मीटर कापते. त्या वेगात जमिनीलगत उडायचे, पंखांचा कोन हाताने बदलायचा, इंजिनावर लक्ष ठेवायचे, वाट ओळखायची, लक्ष्य डोळ्यांनी शोधायचे, शस्त्र निवडायचे, सोडायचे आणि खालून येणारे क्षेपणास्त्र टाळायचे. क्षणभर नजर आत वळली, तर तेवढ्यात पाव किलोमीटर जमीन न पाहताच मागे गेलेली असते.

११/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मिग-२१ ची दोन आसनांची आवृत्ती होती. मिग-२७ ची नव्हती, म्हणून त्याच्या वैमानिकांसाठी मिग-२३ ची द्विआसनी विमाने वापरली जात. पण ही सारी प्रशिक्षणाची विमाने. त्यांत मागे शिक्षक बसतो आणि विद्यार्थ्याच्या चुका सांभाळतो. युद्धासाठीच्या द्विआसनी विमानात मागे बसणारा शिक्षक नसतो. तो रडार पाहतो, लक्ष्य ओळखतो, शस्त्र मार्गी लावतो, धोक्याची सूचना देतो. पहिल्या प्रकारात मागचे आसन उद्या रिकामे करण्यासाठी असते. दुसऱ्यात ते भरलेलेच राहावे म्हणून असते.

१२/
एकट्याचा भार हलका करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे यंत्रालाच सोबती करणे. १९७९ मध्ये जग्वार हे खोलवर मारा करणारे एकासनी विमान भारतात आले. त्यासाठी भारतीय अभियंते आणि वैमानिकांनी ‘डॅरिन’ ही प्रणाली सिद्ध केली. विमान कुठे आहे हे ती स्वतः मोजत राही, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर काचेवर आकडे उमटत, आणि नकाशा आपोआप सरकत असे. कॅनबेराच्या नाकातला माणूस जे पेन्सिल आणि घड्याळाने करी, ते आता पेटीतले यंत्र करू लागले. नॅव्हिगेटर गेला नव्हता, त्याचे रूपांतर झाले होते. पण हे यंत्र वाट दाखवू शकत होते. डोंगरकड्यावरचा तंबू शत्रूचा की आपला, हे ओळखणे त्याच्या कक्षेबाहेरचे होते.

१३/
१९९९ च्या कारगिल युद्धात हे सगळे प्रकार एकाच आकाशात दिसले. २१ मे रोजी टेहळणीवरच्या कॅनबेरावर खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र आदळले. वैमानिक स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि नॅव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर झा यांनी ते एका इंजिनावर श्रीनगरला परत आणले. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन माऱ्याच्या क्षणी बंद पडले, ते बाहेर पडले आणि बंदी झाले. त्यांचा शोध घेण्यासाठी मिग-२१ मधून मागे थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा क्षेपणास्त्राला बळी पडले. खाली सोबती शोधणारे आणि आकाशावर नजर ठेवणारे डोळे तेथे एकाच माणसाचे होते.

१४/
दुसरा माणूस असता तर आहुजा वाचले असते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तसे म्हणण्याला पुरावा नाही, आणि त्या धैर्याचा तो अवमानही ठरेल. इतकेच म्हणता येते की त्यानंतरच्या आठवड्यांत युद्धाची पद्धत बदलली. विमाने उंचावरून मारा करू लागली आणि नेमकेपणाचा भार बॉम्बवर व तो मार्गी लावणाऱ्या माणसावर आला. लेसरच्या किरणाने दिशा मिळणारा बॉम्ब विमानातून सुटल्यावरही काम संपत नाही. तो आदळेपर्यंत किरण लक्ष्यावर स्थिर ठेवावा लागतो. विमान वळत असताना पडद्यावरचा तो ठिपका सांभाळणे हे पूर्ण वेळचे काम आहे.

१५/
२४ जून १९९९. टायगर हिलवरच्या लक्ष्यावर मिराज-२००० मधून लेसर-मार्गदर्शित बॉम्ब टाकला गेला. विमान द्विआसनी होते. पुढे विंग कमांडर रघुनाथ नंबियार, मागे लक्ष्यवेधी यंत्रणा सांभाळणारे स्क्वाड्रन लीडर मोनीश यादव. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही मिराजची प्रशिक्षण-आवृत्ती होती. शिक्षकासाठी घेतलेले आसन युद्धात शस्त्रचालकाचे झाले. दुसऱ्या एका द्विआसनी मिराजच्या मागच्या आसनावरून हा मारा स्वतः वायुदलप्रमुख पाहत होते. त्यांचे नाव एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. सेनाप्रमुखाने त्या दिवशी जे आसन घेतले तेही मागचेच होते.

१६/
कारगिलच्या आधीच भारताने द्विआसनी विमानाकडे मोठे पाऊल टाकले होते. जून १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० विमाने पुण्याच्या लोहगाव तळावर सेवेत आली. त्यांची सुधारित एमकेआय आवृत्ती २७ सप्टेंबर २००२ रोजी तेथेच दाखल झाली. सुखोई-३० ची वंशावळ प्रशिक्षण-विमानाकडे जाते. सोव्हिएत संघाच्या अफाट उत्तरेत तासन्तास गस्त घालायची तर एकटा माणूस थकतो, म्हणून सुखोई-२७ च्या द्विआसनी आवृत्तीतून ते घडले. म्हणजे या दुसऱ्या आसनामागचे पहिले कारण माणसाचा थकवा हे होते. रडार आणि शस्त्रे सांभाळण्याचे कारण त्याला जोडले गेले.

१७/
ज्या ओझरमध्ये एकासनी मिग घडले, तेथेच आता हे द्विआसनी विमान घडू लागले. भारताच्या एकूण २७२ सुखोईंपैकी २२२ परवान्याखाली देशातच बनवण्याचे ठरले. २५ जून २०१६ रोजी ओझरहूनच एक सुखोई पोटाखाली सुमारे अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेऊन उडाले. हे बदल करणारे कामगार आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने नाशिक परिसरातले. मिग-२७ चे अखेरचे उड्डाण २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला झाले. एका कारखान्याच्या आयुष्यात देशाच्या मारक विमानाने एका माणसाकडून दोन माणसांकडे प्रवास केला.

१८/
त्या मागच्या आसनाची सर्वांत परिचित प्रतिमा मात्र युद्धाची नाही. २५ नोव्हेंबर २००९ रोजी लोहगावला राष्ट्रपती प्रतिभा पाटील वैमानिकाचा पोशाख चढवून सुखोईत बसल्या. वय चौऱ्याहत्तर. यवतमाळच्या शेजारच्या अमरावतीच्या त्या माजी खासदार. त्याच तळावरून २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामही उडाले होते. या उड्डाणांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली आणि मागचे आसन म्हणजे पाहुण्याची जागा, असा समज नकळत रुजला. एरवी त्याच जागी बसणारा अधिकारी कोण, त्याचे काम काय, हे विचारण्याची वेळ फारशी कुणावर आली नाही.

१९/
तो अधिकारी कधी दुसरा वैमानिक असे, कधी नॅव्हिगेशनमधून पुढे आलेला शस्त्रप्रणाली-चालक. लढाऊ वैमानिक घडवणे अत्यंत खर्चिक असते. ज्याला विमान उडवायचे नाही, तर रडार व शस्त्रे चालवायची आहेत, त्याला वेगळे शिक्षण देणे शहाणपणाचे. म्हणून २०२२ ची ती घोषणा. नव्या शाखेचे चार प्रवाह ठरले. जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी क्षेपणास्त्रे, विमानविरोधी क्षेपणास्त्रे, दूरनियंत्रित विमाने, आणि दोन वा अधिक माणसांच्या विमानांतील शस्त्रप्रणाली-चालक. उड्डाण-प्रशिक्षणाच्या खर्चात ३,४०० कोटी रुपयांहून अधिक बचत अपेक्षित असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. बचतीच्या या कारणामागून एका दुर्लक्षित कामाला स्वतःचे नाव मिळाले.

२०/
दुसऱ्या आसनाची किंमतही सांगायला हवी. एकाच सांगाड्यात दुसरे आसन, काच, उपकरणे बसवली की वजन वाढते आणि बहुधा इंधनाची जागा घटते. त्याहून मोठी किंमत माणसांची. ३० एप्रिल २००९ रोजी पुण्याहून निघालेले सुखोई राजस्थानात कोसळले. दोघे बाहेर पडले, एक वाचला नाही. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याजवळ थेऊर परिसरात विमान पडले, दोघे वाचले. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शेतात चाचणी-उड्डाणावरचे सुखोई कोसळले, तेथेही दोन्ही हवाईछत्र्या उघडल्या. प्रत्येक वेळी दोन घरांनी एकाच दूरध्वनीची वाट पाहिली असेल.

२१/
म्हणून जगात या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. अमेरिकेने खोलवर माऱ्यासाठी एफ-१५ई द्विआसनी ठेवले, पण एफ-३५ ची द्विआसनी आवृत्तीच काढली नाही. तेथे अनेक संवेदकांची माहिती संगणक एकत्र करून वैमानिकापुढे एकच चित्र मांडतो. शिकवणीही सिम्युलेटरवर होते. इस्रायलने आपली एफ-१६आय विमाने द्विआसनी घेतली. भारताने वायुदलासाठी ३६ राफेल घेतली, त्यांत २८ एकासनी आणि ८ द्विआसनी. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ ठरली, त्यांत २२ एकासनी. उरलेली ४ द्विआसनी विमाने जहाजावरून उडणारी नाहीत, कारण युद्धनौकेवरच्या राफेलला दुसरे आसन नाही.

२२/
तेजसचे आकडे आणखी बोलके आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या करारात ८३ विमाने होती. ७३ एकासनी आणि १० द्विआसनी. सप्टेंबर २०२५ च्या करारात ९७. ६८ एकासनी आणि २९ द्विआसनी. पहिल्यात आठातले एक, दुसऱ्यात जवळजवळ तीनातले एक. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला तेजस मार्क-१ए च्या जुळणीची नवी शाखा सुरू झाली. तेजसची द्विआसनी आवृत्ती मूलतः प्रशिक्षणाची, हे खरे. पण मिराजचीही तशीच होती. टायगर हिलवर कोणते आसन कामी आले, हे विसरता येत नाही.

२३/
भविष्याविषयी बोलताना इतिहासाने जपून पावले टाकावीत. तरी एक दिशा दिसते. चीनने जे-२० या रडारला सहज न दिसणाऱ्या विमानाची द्विआसनी आवृत्ती उडवली आहे. मागचा अधिकारी सोबत उडणाऱ्या मानवरहित विमानांना आज्ञा देईल, असा तिचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. म्हणजे ज्या यंत्राने नॅव्हिगेटरला उठवले, त्याच यंत्राची पिल्ले सांभाळायला आता पुन्हा माणूस बसवावा लागत आहे. वेपन सिस्टीम्स शाखेत मागच्या आसनावरचा अधिकारी आणि दूरनियंत्रित विमान चालवणारा अधिकारी एकत्र आहेत, ही बाबही या संदर्भात वाचण्यासारखी आहे.

२४/
शिवाय एकासनी विमानातला माणूस खरोखर एकटा असतो का? २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान मिग-२१ बायसनमध्ये एकटे होते. पण जमिनीवर रडारच्या पडद्यापुढे लढाऊ विमानांचे नियंत्रण करणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल वैमानिकांना आकाशाचे चित्र सांगत होत्या. त्या कामगिरीसाठी त्यांना युद्ध सेवा पदक मिळाले. मागचे आसन कधी विमानात असते, कधी शेकडो किलोमीटर दूरच्या खोलीत. ते पूर्णपणे नाहीसे झाले असे युद्ध अलीकडच्या इतिहासात सापडत नाही.

२५/
यात पणाला काय लागते? वेग आणि इंधन तर लागतेच. पण खाली पडद्यावर दिसणारा ठिपका चौकी आहे की झोपडी, हे ठरवण्यासाठी काही सेकंद असतात. एका आसनाच्या विमानात तो निर्णय एका मनाचा आणि एका यंत्राचा. दोन आसनांच्या विमानात ‘थांब’ म्हणू शकणारा दुसरा आवाज तेथेच, त्याच धोक्यात बसलेला असतो. तो नेहमी बरोबर असेल असे नाही. दोन माणसे मिळूनही चुकतात. तरी ज्याच्याशी बोलावे लागते असा सोबती आणि ज्याचे बटण दाबावे लागते असे यंत्र यांत फरक आहे. मागचे आसन काढताना आपण नेमके काय काढतो, हे त्यासाठी पाहायचे.

२६/
वॅपिटीतला हवाई सिपाही, कॅनबेराच्या नाकातला नॅव्हिगेटर, मिराजमधला लेसर सांभाळणारा अधिकारी आणि सुखोईतला शस्त्रप्रणाली-चालक ही एकच परंपरा आहे. नव्वद वर्षे ती दुसऱ्यांच्या शाखांत, दुसऱ्यांच्या पदनामांखाली जगली. २०२२ मध्ये तिला स्वतःचे नाव मिळाले. आता तिचा इतिहास लिहिण्याचे काम उरले आहे, आणि ते वायुदलाचे नसून इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे. पुढच्या वेळी एखाद्या हवाई पराक्रमाची कथा वाचताना वैमानिकाच्या नावापाशी थांबू नये. विमानात आसने किती होती, ते पाहावे. दोन असतील, तर दुसरे नाव शोधावे.

२७/
पैनगंगेच्या दोन्ही काठांवर येत्या मृगात पुन्हा तिफण चालेल. पीक उगवून आले की लोक तास किती सरळ आहे ते बांधावरूनच पाहतात आणि हाकणाऱ्याची वाखाणणी करतात. दाणा सारख्या अंतरावर पडला आहे, हे पाहायला मात्र वाकावे लागते. मागच्या आसनाचा इतिहासही वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

(धागा समाप्त)